तीन कांद्यांचा कॅमेरा

२ फेब्रुवारी

डॉक्टरांनी ही वही करायला लावली. खांदा रोज किती दुखला ते लिहायचं आणि महिन्याने त्यांना दाखवायचं. मी म्हटलं, माझं शिक्षण सातवी, आणि तीही दोनदा बसून. डॉक्टर म्हणाले, "दुखतंय एवढं लिहायला सातवी पुष्कळ झाली."

तर, खांदा दुखला. उजवा. सकाळी जास्त.

कारण सगळ्यांना माहीत आहे. अडतीस वर्षं बांधकाम खात्यात फोटोग्राफर होतो. पूल, रस्ते, पाण्याच्या टाक्या, भिंतींना गेलेल्या भेगा. खांद्यावर कॅमेऱ्याची पेटी, पेटीवर आडवी तिपाई, मिळून चौदा किलो. साहेब लोक माझ्या फोटोवर पट्टी ठेवून भेग मोजायचे. फोटो केसभर वाकडा निघाला तर परत पाठवायचे. माझा एकही कधी परत आला नाही. निवृत्तीनंतरही पेटी घेऊन सकाळी निघायचो, सवयच ती. आता डॉक्टर म्हणतात, एका किलोच्या वर काही उचलायचं नाही.

म्हणजे मग करायचं काय दिवसभर? हे त्यांनी सांगितलं नाही.

६ फेब्रुवारी

मुलीने पार्सल पाठवलं. ती परगावी मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे, तिथली मुख्य. "जेवलात का" हे विचारतानासुद्धा आपला ताप बघतेय असं वाटतं. पार्सलात कॅमेरा. साबणाच्या वडीएवढा. मला वाटलं झाकण आधी आलं, कॅमेरा मागून येणार. फोन लावला.

"पोरी, बाकीचा कुठाय?"

"बाबा, तेवढाच आहे."

मागून जावई ओरडला, "सासरेबुवा, गोळी समजून गिळू नका हं!"

जावयाने एक तयार शर्टही पाठवलाय. निळा. घालून आरशात पाहिला तर वाकडा शिवलेला. उजवीकडे झोळ, डावीकडे कॉलर कानाला लागते. कारखान्यातली शिलाई, दुसरं काय. समोरच्या शिंपीणबाईंकडून बावीस वर्षं शर्ट शिवून घेतोय, असलं कधी झालं नाही. जावयाला कळवलं नाही. उगाच त्याचं मन दुखायचं.

खांदा दुखला.

७ फेब्रुवारी

भाजीवाल्याकडे गेलो. म्हटलं, एवढं जरा तराजूत टाक. त्याने एका पारड्यात कॅमेरा ठेवला, दुसऱ्यात कांदे टाकत गेला. तीन कांद्यांवर काटा सरळ झाला. "काका, घेता का कांदे?" म्हणाला. लाजेकाजेने घ्यावे लागले.

तीन कांदे! एवढ्याशा वस्तूत कॅमेरा मावतोच कसा? हातातून निसटला तर कळणारही नाही. सुतळी बांधून गळ्यात घातलाय. तरी दर दहा पावलांना छाती चाचपून बघतो. रस्त्यात एकाने विचारलंसुद्धा, "काका, छातीत दुखतंय का?"

९ फेब्रुवारी

आज काय झालं ते नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही. आनंदच एवढा आहे.

सकाळी नऊला निघालो. आधी हातगाडीवाल्याच्या चाकाचा फोटो काढला. मग चाकाखालच्या पाण्याचा. मग पाण्यात दिसणाऱ्या तारांचा. मग तारांवरच्या कबुतराचा. पूर्वी अशी गंमत शक्यच नव्हती. तिपाई उघडून पातळी दाखवणाऱ्या पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत कबुतराला नातवंडं झाली असती. आणि खात्यातून आठवड्याला बाराच फोटोंची फिल्म मिळायची, कबुतराला त्यात वाटा नव्हता.

बसमध्ये चढलो आणि धावत्या बसमधून फोटो काढले! एकाही पुलाला भेग नाही, तरी काढले. मग शिंपीणबाईंच्या दुकानाची पायरी खालून कशी दिसते ते बघावं म्हणून रस्त्यावर आडवा झालो. बाई कात्री हातात घेऊन बाहेर आल्या.

"अहो फोटोवाले, पडलात की झोपलात?"

"फोटो काढतोय."

"कसला?"

"पायरीचा."

"पायरी उभं राहून दिसते की. म्हातारचळ म्हणतात तो हाच का?"

पण हसल्या. हात देऊन उठवलं. मग माझ्या पाठीवरची धूळ झटकत म्हणाल्या, "गळ्यात सुतळी बांधून काय हिंडता, गाढवाच्या घंटेसारखी? शर्ट द्या, आतून खिसा लावते. बटणाचा."

एकूण एकशे चाळीस फोटो. एका दिवसात. खात्यात असतो तर वर्षाची रजा मिळाली असती, बिनपगारी.

१० फेब्रुवारी

बाईंनी खिसा लावून दिला. डाव्या बाजूला. मी म्हटलं, उजव्या हाताला डावा खिसा जवळ पडतो म्हणून का? तर म्हणाल्या, "ते आहेच. शिवाय तुमचं वजन डावीकडे गेलेलं बरं." मला काही समजलं नाही. बाई बोलतात कमी आणि त्यातलं निम्मं टाचण्या दातात धरून.

११ फेब्रुवारी

कॅमेऱ्यात एक दोष सापडला. पडद्यावर मधोमध एक हिरवी रेघ येते. ती सारखी तिरकी असते. मी म्हटलं, नव्या मालात असं असतं, कोण भांडत बसणार? तासभर बटणं दाबत बसलो आणि शेवटी ती रेघ बंद केली. मुलीला सांगितलं नाही, नाहीतर परत पाठवा म्हणेल. मी तर आता हा कॅमेरा उशाशी घेऊन झोपतो.

१३ फेब्रुवारी

चारशे बारा! पाण्याच्या टाकीची शिडीसुद्धा चढलो, अकरा पायऱ्या. मग अक्कल आली, उतरलो. उतरताना हात रिकामे होते ना, दोन्ही हातांनी धरता आलं. अडतीस वर्षं ही शिडी एका हाताने चढलो, हे आज लक्षात आलं.

१६ फेब्रुवारी

तोंडचं पाणी पळालंय.

वीस फोटो छापायला दिले होते. छपाईवाल्याने पाकीट पुढे केलं आणि म्हणाला, "काका, बोटीत बसून काढलेत का?"

"का रे?"

"सगळं घरंगळतंय."

पाहतो तर खरंच. रस्ता डावीकडे घरंगळतोय. दुकानं डावीकडे घरंगळतायत. भाजीवाल्याचे कांदे पाटीतून कसे सांडत नाहीत याचंच नवल. वीसच्या वीस, सगळे एकाच बाजूला, एकाच मापाने.

माझे! ज्याचा एक फोटो कधी परत आला नाही त्याचे!

घरी येऊन जेवलो नाही.

१७ फेब्रुवारी

खिडकीच्या दांडीला दोरा बांधून त्याला किल्ली लटकवली, ओळंबा म्हणून. त्याचा फोटो काढला. किल्ली वाकडी लटकलेली आली. पृथ्वी ओढते ती किल्ली वाकडी कशी लटकेल?

गवंड्याकडून पाणसळ उसनी आणली. टेबल पाहिलं, सरळ. खिडकी सरळ. जमीन थोडी उतरती, पण ती सांडपाण्याकडे, असायलाच हवी. मग पाणसळ कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवून त्याला टेबलावर बसवून फोटो काढला. सरळ आला. म्हणजे कॅमेराही चांगला.

मग राहिलं कोण? मी. पण मी तर सरळ उभा असतो. मला सरळ दिसतं. डोळ्यात बिघाड, नाहीतर डोळ्यामागे.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे परवाच मी पन्नास फोटो मुलीला फोनवर पाठवून बसलोय.

१८ फेब्रुवारी

फोन आलाच. चित्र दिसणारा.

"बाबा, जीभ बाहेर काढा."

"कशाला?"

"काढा. आता हसा. दात दाखवा. डोकं दुखतं? चालताना तोल जातो?"

"जरासुद्धा नाही. परवा टाकीवर चढलो होतो."

हे बोलायला नको होतं. तिने लगेच काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या वॉर्डात दोन पेशंट आहेत, ज्यांना जग असं तिरकं दिसतं. शनिवारी येते मी. सामान काढून ठेवा. आमच्याकडची खोली तयारच आहे."

ती खोली मी पाहिली आहे. चांगली आहे. पलंगाशेजारी घंटी आहे, न्हाणीघरात धरायला दांडी आहे, खिडकीतून वाहनतळ दिसतो. बाराव्या मजल्यावर. रस्त्यावर आडवं व्हायचं तर आधी लिफ्टला विचारायचं. मुलगी चार वर्षं त्या खोलीबद्दल बोलते आहे आणि मी चार वर्षं काहीतरी कारण काढतो आहे. आमची ही गेली तेव्हा पहिलं काढलं, मग खांद्याचं. आता माझ्याकडे कारण उरलं नाही. उलट तिच्याकडे पन्नास आहेत, तिरकी.

मला जायचं नाही. हे लिहून ठेवतो, बोलता येणार नाही म्हणून. मला इथेच राहायचं आहे, या दोन खोल्यांत, खाली हा रस्ता असताना.

१९ फेब्रुवारी

ठरवलं होतं की कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. दुपारी समोरच्या दुकानात बाईंनी पिवळ्या कापडाचा तागा झटकला आणि सगळं दुकान पिवळं झालं. काढला. तिरका आला. पण काय आला आहे! बाई, कात्री, कापड, सगळं उतारावरून पळत सुटल्यासारखं. रडू यायला हवं होतं, पण हसूच येत होतं. मेंदूचं असंच असतं का? डॉक्टरांना विचारायला भीती वाटते.

२० फेब्रुवारी

बाईंना सांगितलं की शनिवारी मुलगी येणार आणि मला घेऊन जाणार. बाई शिलाई मारत होत्या. मशीन थांबलं.

"किती दिवस?"

"कायमचंच."

"कशासाठी?"

"डोक्यात काहीतरी झालंय. फोटो वाकडे येतात."

बाईंनी फोटो मागितले. एकेक बघितला. मग बोटाने माझ्याकडे खूण केली, उभे राहा म्हणून. मी उभा राहिलो. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पुन्हा मशीन सुरू केलं. म्हणाल्या, "शनिवारी मुलगी किती वाजता येते?"

"अकराला."

"बरं."

एवढंच. बावीस वर्षांची ओळख आणि "बरं". माणसाने किती अपेक्षा करावी? घरी येऊन कपड्यांची पेटी भरायला घेतली. शर्ट मोजले, निळा सोडून नऊ. नऊच्या नऊ त्यांच्या हातचे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज सविस्तर लिहितो.

मुलगी अकराला आली. आल्या आल्या, चहा नाही, पाणी नाही. "बाबा, शर्ट काढा. हात वर. आता खाली सोडा. भिंतीला पाठ लावून उभे राहा."

उभा राहिलो, बनियनवर. शाळेत अंगठे धरायचो तसं वाटत होतं. ती समोरून बघत होती आणि बघता बघता तिचा चेहरा उतरला. पेशंटपुढे चेहरा न उतरवण्याचा पगार मिळतो तिला, पण उतरला.

"बाबा, तुमचा उजवा खांदा खाली आलाय."

"कुठे?"

"केवढा तरी. कधीपासून? हे मागच्या वेळी नव्हतं. मी बघितलं असतं ना! ही एक बाजू खचली आहे. बाबा, बसा खाली. बसा म्हणते ना!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली, तीही डावीकडे. तिने फोन काढला, रुग्णवाहिकाच बोलावणार होती बहुतेक. तेवढ्यात दार वाजलं. शिंपीणबाई. काखेत लांबडी मापाची वही, गळ्यात टेप. माझ्या बनियनकडे बघून म्हणाल्या, "बरं झालं, काढलेलाच आहे."

मुलगी म्हणाली, "मावशी, नंतर या. बाबांना बरं नाही."

"काय झालं?"

"खांदा खाली आलाय. आत्ताच."

"आत्ताच नाही गं," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षं झाली त्याला."

वही टेबलावर उघडली. माझं पान नव्हतं, पानं होती. दर वर्षाचं माप, तारखेसकट. छाती, पोट, बाही, आणि शेवटी एक ओळ. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. बावीस वर्षांपूर्वी: उजवा खांदा अर्धा इंच खाली. पुढे पाऊण. पुढे एक. मुलगी वाकून वाचायला लागली, वॉर्डात केसपेपर वाचते तशी. शेवटची सात वर्षं: सव्वा. सव्वा. सव्वा.

"निवृत्त झाले, दिवसभराची पेटी सकाळपुरती झाली, तिथे थांबला," बाई म्हणाल्या. "पेटीने ओढलेला आहे तो. मेंदूबिंदूने नाही."

"पण कधी दिसला कसा नाही?"

"कसा दिसेल? मी दिसू दिला तर ना."

बाईंनी माझा पांढरा शर्ट उचलला आणि कात्रीच्या टोकाने उजव्या खांद्याची शिवण उसवली. आतून कापडाची घडी निघाली. एकात एक चार पदर, कडेला पातळ करत नेलेले. डावीकडे काही नाही. मग दुसरा शर्ट. मग तिसरा. नऊच्या नऊ.

मला काय वाटलं ते लिहिणं अवघड आहे. आधी राग आला.

"मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

"माझा खांदा आहे तो!"

"शर्ट माझा आहे. आणि ज्या माणसाचा एक फोटो कधी वाकडा निघाला नाही असं तो दर शर्टाला ऐकवतो, त्याला सांगायचं की बाबा रे, तूच वाकडा आहेस? टाचण्या तोंडात असतात त्या उगाच नाही."

मुलगी खुर्चीत बसली. तिने कॅमेरा घेतला, माझ्या हातात दिला. "धरा बाबा. फोटो काढताय असं." मी धरला. ती बाजूला झाली, आणि पहिल्यांदा हसली. खांदा खाली म्हणून कोपर खाली, कोपर खाली म्हणून कॅमेरा खाली. मान त्याच अंगाला. अडतीस वर्षं तिपाई आणि पाणसळ माझ्या वतीने सरळ उभ्या होत्या. हाताने धरून फोटो मी जन्मात पहिल्यांदा काढत होतो.

जावयाला फोन लावला. तो म्हणाला, "पण पडद्यावर हिरवी रेघ येते की! कॅमेरा किती कललाय ते दाखवायला. ती दिसत नाही का?"

"ती मी बंद केली. वाकडी होती."

फोनमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज आला. मुलीने विचारून सांगितलं, जावई हसता हसता खुर्चीवरून खाली आला. हसा लेको. निळा शर्टही चांगलाच होता म्हणायचा.

मुलगी तरी मुलगीच. म्हणाली, सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ, ते ठीक म्हणाले तर तुम्ही इथे राहा. नाही म्हणाले तर माझ्याबरोबर. हे बोलताना बाईंची वही पुन्हा चाळत होती. "बाबा, तुमचा एकही फोटो नाही घरात. आईचे आहेत, माझे आहेत, अख्ख्या गावातल्या गटारांचे आहेत. तुमचं म्हणून जे काही आहे ते एवढंच, मावशींकडे."

 बाई उसवलेले नऊ शर्ट उचलून निघाल्या. मी आज बनियनवरच.

२३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी डोळ्यात दिवा मारला, रेघेवरून चालवलं, दहा प्रश्न विचारले. डोकं ठीक आहे. हे कागदावर लिहून घेतलं, मुलीने त्याचा फोटोही काढून घेतला. मग डॉक्टरांनी ही वही चाळली. "यात खांदा कुठाय?" म्हणाले. "सहा तारखेनंतर खांदा दुखलेलाच नाही!" मी घाबरून म्हटलं, दुखत असेल हो, लिहायचं राहिलं. डॉक्टर हसले. त्यांना पुढचं सगळंच वाचायचं होतं, पण मी काढून घेतली.

मुलगी संध्याकाळच्या गाडीने गेली. एकटीच. खिडकीत बसून म्हणाली, "ती खोली आहेच, बाबा." मी म्हटलं, "असू दे. पाहुणा म्हणून येईन." गाडी सुटल्यावर फलाटावर मी तीनशे फोटो काढले. एकटाच हसत होतो. शिपाई दोनदा बघून गेला.

२७ फेब्रुवारी

हिरवी रेघ चालू केली. तिच्याप्रमाणे कॅमेरा धरला की मला वाटतं मी डावीकडे कोसळणार. पण फोटो सरळ येतात. दहा सरळ काढतो, मग दहा रेघ बंद करून. खरं सांगायचं तर दुसरे दहा जास्त मजेदार असतात. साहेबांनी परत पाठवले असते. साहेब आता आहेत कुठे!

१ मार्च, रविवार

बाईंनी शर्ट परत शिवून दिले. पैसे घेईनात. म्हटलं मग काय देऊ? म्हणाल्या, "तुमचा फोटो काढते. मुलगी म्हणाली ना, एकही नाही. शिकवा मला."

नदीच्या पुलावर गेलो. चालत! बाईंना म्हटलं हळू चला, तर म्हणाल्या, "मी हळूच चालतेय, तुम्ही पळताय." खरंच पळत होतो. चौदा किलो नसले की पाय आपोआप पुढे जातात.

कठड्याला टेकून उभा राहिलो. निळा शर्ट घातला होता. आतून घडी लावलेले नकोत, बाई म्हणाल्या होत्या, जावयाचा निळा घाला, झोळ दिसू दे. मी दहा सूचना दिल्या. रेघ बघा, पुलाचा कठडा रेघेला लावा, श्वास धरा, बटण दाबू नका, पिळू नका, नुसतं टेकवा. बाई ऐकत होत्या. कधी नव्हे ती तोंडात टाचणी नव्हती, तरी गप्प. मग एक डोळा मिटला, कापड बेतताना मिटतात तसा, आणि हळूच कॅमेरा कलवला.

"अहो, रेघ! रेघ गेली!"

"हलू नका."

टिक.

बघितला. मी फोटोत सरळ उभा आहे. दोन्ही खांदे एका पातळीत, पाणसळ लावल्यासारखे. आणि माझ्यामागे सगळा पूल, नदी, पलीकडच्या इमारती, सायकलवरचा माणूस, सगळं एका बाजूला उतरत चाललंय.

"बाई, चुकला," मी म्हटलं. "पूल वाकडा आला."

"येऊ दे की. पुलाचा कुठे शर्ट शिवायचाय मला? माप तुमचं घेतलंय."

 एवढ्या चुका होत्या त्यात. मी एकेक सांगायला लागलो आणि मध्येच हसू फुटलं, मग बाईंनाही, आणि तो सायकलवाला थांबून आमच्याकडे बघायला लागला. शेवटी मी सांगितलं की हे एका दिवसात येणारं काम नाही. रोज यावं लागेल, निदान वर्षभर. तुम्हाला जमेल का?

म्हणाल्या, "सकाळी दुकान दहाला उघडत जाईन."

आठाचं दुकान दहाला! आता बाईंच्या गिऱ्हाइकांचं काय होणार, याच काळजीने रात्री झोप येणार नाही. सकाळी सातला निघायचं ठरलंय. निळा शर्ट धुवून वाळत टाकलाय. वाळतो की नाही, तीन वेळा बघून आलो.